तिरंदाज कसा घडतो?

माझा भाचा पुण्यात इंजिनीअरिंग शिकतो. शनिवारी रात्री चार-पाच मित्र एका टेबलाभोवती जमतात आणि पहाटेपर्यंत एक खेळ खेळतात. त्यात पट नसतो, सोंगट्या असल्या तरी नावापुरत्या. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि घाव बसला की चुकला हे फासा ठरवतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचं नाव. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो बाजारात आणला. तळघरं, राक्षस, जादूगार, खजिना. ज्यांच्या घरात ‘दास्तान-ए-अमीर हमजा’ किंवा ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ची नावं ऐकलेली आहेत त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. आपल्या दास्तानगोंनी ज्याला तिलिस्म म्हटलं, तेच हे डन्जन. फरक इतकाच की दास्तान ऐकायची असते आणि इथे ऐकणाराच आत शिरतो.

तर या भाच्याला तिरंदाज व्हायचं होतं. त्याने फोनवर विचारलं, “खाला, तुम्ही इतिहासाचं इतकं वाचता, मला एक जबरदस्त तिरंदाज बनवून द्या.” पात्राचा एक कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी असे गुण आकड्यांत मांडायचे. त्याने चपळाईला सगळ्यात मोठा आकडा दिला होता आणि ताकदीला सगळ्यात लहान. का, तर खेळाच्या नियमात धनुष्याचा नेम आणि जखम दोन्ही चपळाईवर मोजतात. ताकद तलवारवाल्यांची. तिरंदाज म्हणजे सडपातळ, टोकदार कानांचा, झाडाआड लपणारा कोणीतरी. लांब धनुष्याचा नेम दीडशे फुटांपर्यंत सहज, सहाशे फुटांपर्यंत अवघड, भात्यात वीस बाण.

मी त्याला सांगितलं, तुझ्या या तिरंदाजाला खरी कमान दिली तर त्याला ती ओढताच येणार नाही.

हे चेष्टेने म्हटलं नव्हतं. १५४५ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ ‘मेरी रोझ’ नावाचं लढाऊ जहाज बुडालं आणि १९८२ साली ते वर काढलं. त्यात शंभरावर लांब धनुष्यं सापडली. अभ्यासकांनी त्यांचा ताण मोजला तेव्हा तो साधारण १०० ते १८५ पौंड भरला, म्हणजे ४५ ते ८४ किलोच्या घरात. आज ऑलिंपिकमध्ये पुरुष खेळाडू पन्नासेक पौंडांची कमान वापरतात. त्या जहाजातल्या काही सांगाड्यांच्या खांद्याच्या हाडांत लहानपणापासून कमान ओढल्यामुळे झालेले बदल दिसतात, असं अभ्यासक सांगतात. तुर्की लढाऊ कमानींचे जे नमुने उरले आहेत त्यांचा ताणही शंभर पौंडांच्या आसपास आणि त्याहून वर जातो. एका हाताच्या अंगठ्यावर सिमेंटच्या गोणीइतका भार तोलायचा, तोही धावत्या घोड्यावर, आणि तेवढ्यात नेमही धरायचा. सडपातळ शहजाद्याचं हे काम नाही.

मग अशी ताकद आणायची कुठून? इथे मला माझी शाळा आठवते. तुम्हालाही तुमची आठवेल.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी हातात लेझीम धरलेली असते. २६ जानेवारीला, गणपतीत, पाहुणे आले की. आम्ही मुली हिरव्या ओढण्या कमरेला खोचून हलगीच्या तालावर लेझीम खेळायचो. लाकडी दांडा, त्याला अडकवलेली साखळी, साखळीत खुळखुळणाऱ्या पत्र्याच्या चकत्या. हे वाद्य आहे की व्यायामाचं साधन, यावर शाळेतही एकमत नसे. पी.टी.चे सर म्हणत व्यायाम, गॅदरिंगच्या बाई म्हणत नृत्य. मुळात ही कमान आहे. ‘लेझम’ हा फारसी शब्द, अर्थ सरावाची कमान. तिला दोरीच्या जागी लोखंडी साखळी असायची. नव्या शिपायाच्या हातात खरी कमान द्यायची नाही. आधी ही साखळीची कमान ताणायची, सोडायची, पुन्हा ताणायची. दंड, खांदे आणि पाठ तयार झाली की मग दोरी, आणि दोरीनंतर बाण. इराणच्या जुन्या तालीमखान्यांत, ज्यांना जूरखाना म्हणतात, तिथे आजही पहिलवान डोक्यावर लोखंडी कमान धरून तिची साखळी तालात इकडून तिकडे हलवतात, आणि वरच्या ओट्यावर बसलेला मुर्शिद ढोलकावर ताल देतो. त्याचं चित्रण कधी पाहिलंत तर आपल्या लेझमीची बहीण लगेच ओळखू येईल.

‘तालीम’ हा शब्दही आत्ता सहज लिहून गेले. मी उर्दूच्या तासाला ‘तालीम’ म्हणते तेव्हा शिक्षण म्हणते. मराठीच्या तासाला तोच शब्द आला की तिथे लाल माती आणि जोर-बैठका असतात. अरबीत अर्थ एकच, शिकवणं. दख्खनने त्यातून शरीराचं शिक्षण निवडून घेतलं.

ताकदीनंतर अंगठा. कमान ओढायच्या दोन मुख्य पद्धती जगात चालल्या. युरोपात दोरी दोन-तीन बोटांनी ओढतात; अंगठ्याला तिथे काम नाही. तुर्कस्तानापासून इराण, मध्य आशिया, चीनपर्यंत, आणि मुघल-दख्खनी फौजांतही, दोरी अंगठ्याने ओढायची. अंगठ्याचं आकडं करून दोरी त्यात अडकवायची, तर्जनी अंगठ्याच्या नखावर दाबून कुलूप लावायचं, आणि सोडताना फक्त तर्जनी उचलायची. हात कमी हलतो, घोड्यावर बाण पडत नाही, दोरी झटक्यात सुटते. पण एवढा ताण उघड्या अंगठ्यावर घेतला तर कातडी सोलून निघेल. म्हणून अंगठी. शिंगाची, हस्तिदंताची, चामड्याची, धातूची. बादशहांची जेडची. शाहजहानची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अंगठीवर रत्नं जडवली तरी दोरी बसते ती बाजू गुळगुळीतच ठेवावी लागते. दरबारी दागिन्यांत हत्याराचं काम करणारा असा दागिना विरळाच.

फारसीत अंगठ्याला आणि तिरंदाजाच्या या अंगठीलाही ‘शस्त’ म्हणतात. त्यावरून नेम धरणं म्हणजे उर्दूत ‘शिस्त बांधना’. आणि मराठीत? जुने मराठी कोश उघडा. ‘शिस्त’ या शब्दापुढे नेम, रोख, संधान हा अर्थ सापडेल, आणि त्याच्या शेजारी व्यवस्थितपणा, पद्धत. नेम धरलेल्या माणसाचं अंग जसं स्थिर, श्वास रोखलेला, नजर एका जागी, तशी अवस्था म्हणजे शिस्त. पुढे नेमाचा अर्थ मागे पडला आणि आज उरली ती प्रार्थनेच्या रांगेतली शिस्त. ‘शिस्तीत लेझीम खेळा’ असं ओरडणाऱ्या आमच्या सरांना ठाऊक नव्हतं की त्या तीन शब्दांतले दोन तिरंदाजांच्या मैदानावरून आले आहेत.

अंगठ्याचा विषय निघाला की एकलव्य येतोच. महाभारतातली ही गोष्ट नीट कळते ती अंगठ्याने दोरी ओढणाऱ्यांच्या मुलुखात. इंग्रज तिरंदाजाचा उजवा अंगठा कापला तर त्याची अडचण होईल, पण तो तिरंदाज राहील. अंगठ्याच्या पद्धतीत मात्र अंगठा गेला की सगळं गेलं. मागणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं की काय मागायचं. भिल्ल लोक दोरी ओढताना अंगठा लावत नाहीत, आणि का असं विचारलं तर एकलव्याचं नाव घेतात, अशी आख्यायिका आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. ती इतिहास म्हणून घ्यायची नसते. पण ज्या समाजाच्या अंगठ्याची गोष्ट आहे त्याने ती आपल्या बोटांच्या ठेवणीत सांभाळावी, यापेक्षा नेटकं स्मारक मला तरी माहीत नाही. सरकारने आदिवासी मुलांच्या निवासी शाळांना एकलव्याचं नाव दिलं आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यातही त्या आहेत. द्रोणाचार्यांचं नाव उत्तम प्रशिक्षकांच्या पुरस्काराला. शिक्षिका म्हणून हे दोन्ही शेजारी ठेवून पाहताना मला थोडं अवघडायला होतं, ते असो.

ताकद झाली, अंगठा झाला. शिकवणारा कोण? इस्लामी जगात तिरंदाजी हा अभ्यासाचा विषय होता, आणि त्याला धार्मिक आदरही होता. कुरआनात शत्रूविरुद्ध सामर्थ्य जमवण्याचा आदेश आहे, आणि ते सामर्थ्य म्हणजे तिरंदाजी, असा खुलासा हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) तीनदा केल्याची हदीस ‘सहीह मुस्लिम’मध्ये आहे. म्हणून उस्तादांच्या परंपरा तयार झाल्या. अबू हाशिम, ताहिर बल्खी आणि इसहाक ही तीन नावं पुढच्या सगळ्या ग्रंथांत येतात. मामलूक काळात, १३६८च्या सुमारास, तैबुगा नावाच्या तिरंदाजाने यावर अरबीत पद्यग्रंथ रचला आणि त्यावर स्वतःच टीका लिहिली. विसाव्या शतकात त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. पकड, कुलूप, ओढ, नेम, सोड असे एकेक टप्पे त्यात वेगळे करून शिकवले आहेत. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचणात कौशल्याचे घटक पाडायला लावायचे, तेच हे.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. त्या तीन उस्तादांची उभं राहण्याची आणि नेम धरण्याची पद्धत एकमेकांपासून वेगळी होती. कोण बरोबर, यावर शागिर्द भांडत. त्यावर जाणकारांचं उत्तर असं की तिघांची शरीरं वेगळी होती, उंची वेगळी होती. प्रत्येकाने आपल्या अंगाला मानवेल ते शिकवलं. म्हणजे उस्तादाची नक्कल करायची नाही, त्याच्यासारखा देह असेल तर त्याची पद्धत घ्यायची. भाच्याच्या कागदावरच्या आकड्यांपेक्षा हा विचार कितीतरी पुढचा आहे.

आणि शिस्त, आजच्या अर्थाने. उहुदची लढाई मदरशातल्या लहान मुलालाही माहीत असते. हिजरी ३, म्हणजे इसवी सन ६२५. पन्नास तिरंदाज टेकडीवर ठेवलेले, अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) त्यांचे नायक, आणि हुकूम एकच: काही झालं तरी जागा सोडायची नाही. लढाई जिंकल्यासारखी वाटली, खाली लूट गोळा होऊ लागली आणि बहुतेक जण टेकडी उतरले. मागून मक्केचे घोडेस्वार आले. नेम चुकल्यामुळे कोणी हरलं नाही. जागा सोडल्यामुळे हरले.

आता खर्चाकडे येऊ, कारण खेळाच्या नियमांत धनुष्य सोन्याच्या थोड्याशा नाण्यांत मिळतं आणि कधी खराब होत नाही. खरी कमान म्हणजे आतून लाकूड, पोटाशी म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. शिंग दाबाला उभं राहतं, स्नायू ताणाला. दोन्ही मिळून आखूड कमानीत इतका जोर भरतात की लांब लाकडी धनुष्याची गरज उरत नाही, आणि घोड्यावर आखूडच हवी. प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो; एक कमान पुरी व्हायला महिनेच्या महिने, कधी वर्षाहून जास्त. दोरी उतरवली की ती उलट दिशेला वळते, आणि परत चढवणं हीच एक कसरत.

अशी कमान समरकंदच्या कोरड्या हवेत टिकते. तिला त्र्यंबकेश्वरच्या आषाढात आणून पाहा. सरस ओल धरतो, थर सुटायला लागतात. म्हणून हिंदुस्थानात कमानींवर रंग आणि रोगण चढवत, वर वेलबुट्टी काढत. म्हणूनच इथल्या लोहारांनी पोलादी कमानी घडवल्या. मारा कमी, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिल्या तरी बिघडत नाहीत. काहींचे तर मधोमध पेचाने दोन भाग होत. या कमानी आज संग्रहालयांत आहेत.

कमान बनवणारा तो कमानगर. लढाईच्या गोष्टींत त्याचं नाव कुठेच येत नाही. बंदूक आली, कमानींची मागणी संपली, आणि या कारागिरांनी काय केलं? कच्छमधल्या मुसलमान कमानगरांचं उदाहरण स्वच्छ आहे. कमानीवर रंगकाम करण्याची हातोटी होतीच. त्यांनी भिंती रंगवायला घेतल्या. तिथल्या वाड्यांवरची आणि देवळांवरची भित्तिचित्रं आजही ‘कमानगरी’ म्हणून ओळखली जातात. त्या हातांनी देवादिकांच्या मिरवणुका रंगवल्या, राजांच्या सवाऱ्या रंगवल्या. मला जर कोणी या खेळात पात्र घ्यायला लावलं तर मी कमानगर घेईन.

दख्खनमध्ये तिरंदाज किती मोलाचा होता हे सांगणारी एक नोंद फिरिश्ताकडे आहे. हा इतिहासकार आधी अहमदनगरला होता, मग विजापूरला गेला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे त्याने आपला फारसी इतिहास लिहिला. तो सांगतो की विजयनगरच्या दुसऱ्या देवरायाने (मृत्यू १४४६) दरबार भरवून विचारलं: आपला मुलूख मोठा, फौज मोठी, उत्पन्न मोठं, तरी बहमनी आपल्याला भारी का पडतात? कोणी म्हणालं, नशिबात लिहिलंय. बाकीच्यांनी दोन कारणं दिली. त्यांचे घोडे आपल्या घोड्यांपेक्षा दमदार, आणि त्यांच्याकडे उत्तम तिरंदाजांची मोठी तुकडी आहे. देवरायाने नशीब बाजूला ठेवलं. मुसलमान तिरंदाज नोकरीत घेतले, त्यांना जहागिरी दिल्या, राजधानीत मशीद बांधून दिली, त्यांच्या धर्मात कोणी आडवं येऊ नये असा हुकूम काढला. त्यांना राजापुढे झुकताना संकोच वाटू नये म्हणून सिंहासनासमोर कुरआनाची प्रत ठेवली. आणि मग आपल्या हिंदू शिपायांनाही ही विद्या शिकायला लावली. फिरिश्ता आकडा देतो: दोन हजार मुसलमान आणि साठ हजार हिंदू तिरंदाज.

आकड्यांच्या बाबतीत मध्ययुगीन इतिहासकार सढळ हाताचे असतात, आणि फिरिश्ता घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहितो आहे. साठ हजार मी मोजणार नाही. पण शत्रूकडची विद्या आपल्याकडे नाही हे राजाने भर दरबारात मान्य करावं आणि ती शिकवणाऱ्यांना जमीन, मशीद आणि मान द्यावा, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत तरी यायला हवी होती. दोन हजारांनी साठ हजारांना शिकवलं असेल तर एका उस्तादाच्या वाट्याला तीस शागिर्द आले. माझ्या वर्गात याहून जास्त असतात.

मराठी बखरींतही तीर येतो, आणि येतो तो मोठ्या क्षणी. १६६५, पुरंदर. मुरारबाजी देशपांडे निवडक मावळे घेऊन दिलेरखानाच्या छावणीवर तुटून पडला. सभासद सांगतो की त्याची मर्दुमकी पाहून खानाने त्याला कौल देऊ केला. मुरारबाजीने तो झिडकारला, तेव्हा खानाने स्वतःच्या हाताने तीर मारून त्याला पाडलं. बंदुका आणि तोफा असलेल्या फौजेचा सेनापती अशा वेळी कमान उचलतो. त्याच सुमारास हिंदुस्थानात असलेला फ्रेंच वैद्य बर्नियर लिहितो की बंदूकवाला दोनदा बार काढेपर्यंत घोड्यावरचा तिरंदाज सहा बाण सोडतो. मग कमान मागे का पडली? कारण बंदूकवाला थोड्या महिन्यांत तयार होतो. तिरंदाजाला लहानपणापासून लेझीम ओढावी लागते, महागडी कमान लागते, आणि तो मेला की दुसरा बनवायला पुन्हा तितकीच वर्षं.

आणि आता या सगळ्यांतला सर्वांत प्रसिद्ध दख्खनी बाण, जो कधी सुटलाच नाही. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात अबुल हसन या मुघल चित्रकाराचं १६१६च्या सुमाराचं एक चित्र आहे. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलावर, बैल माशावर. समोर भाल्याच्या टोकाला मलिक अंबरचं छाटलेलं डोकं, त्यावर घुबड. बादशहा कमान ओढून त्या डोक्यात बाण मारतो आहे. चित्र अप्रतिम आहे. आणि ते सगळं खोटं आहे. अंबरचं डोकं जहांगीरच्या हाती कधीच लागलं नाही.

मलिक अंबर म्हणजे हबशाच्या मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा, जो निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. आपलं नाशिक, ज्याला मुघलांनी पुढे गुलशनाबाद म्हटलं, त्याच झगड्याच्या मुलुखातलं. त्याने खडकी वसवली, तीच पुढची औरंगाबाद. मुघलांच्या जडशीळ फौजांना त्याने हलक्या मराठी घोडेस्वारांनी रात्री-बेरात्री टोचून हैराण केलं. चित्र काढल्यानंतर आठ वर्षांनी, १६२४ साली, भातवडीला त्याने मुघल आणि विजापूरच्या एकत्र फौजेचा पराभव केला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी, जे तिथेच कामी आले. या दोघा भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून ठेवली होती, असं परंपरा सांगते. अंबर १६२६ साली म्हातारपणाने वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

म्हणजे जहांगीर काय करत होता? शनिवारी रात्री माझा भाचा टेबलावर जे करतो तेच. जे मैदानात जमत नाही ते पात्र होऊन करायचं. मुसलमान बादशहाने मुसलमान हबशाचं डोकं चित्रात उडवावं आणि त्या हबशाच्या बाजूने मराठे सरदार मरावेत, हा दख्खनचा इतिहास आहे. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या दोन रंगांच्या इतिहासात हे चित्र कुठे बसवायचं ते मला कोणी सांगितलेलं नाही.

शिंगाच्या कमानी संपल्या तरी एक कमान टिकली. बागलाण, कळवण, पलीकडे खानदेश आणि सातपुडा, इथल्या भिल्लांचा तीरकमठा. बांबूची कमान आणि दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. ना सरस, ना शिंग, ना समरकंदची आठवण. पावसाचं तिला भय नाही, रानातून कापून आणली की झाली. ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यात अंबापाणीला खाजा नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रज फौजेशी लढले, तेव्हा समोर बंदुका होत्या आणि यांच्याकडे बंदुकांबरोबर हे कमठेही. हबशी गुलामापासून बादशहापर्यंत ज्यांची नावं वर आली त्यांच्या कमानी आज काचेआड आहेत. ही त्यानंतरही रानात चालत राहिली.

शब्दांचं काय झालं? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ केला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. त्याच्या दहा वर्गांत शस्त्रवर्गही आहे. विसाव्या शतकात आपल्या जिल्ह्यातल्या भगूरच्या सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. त्यांनी दिलेले कितीतरी शब्द मी रोज वापरते, आणि चांगले शब्द आहेत. पण काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या बैठकीत सूचना आली की फलकावर ‘परके’ शब्द नकोत. त्याच फलकावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत ‘शिस्त’ लिहिलं होतं. मी काही बोलले नाही. ते पुसायला कोणी उठलंही नाही. आणि पुसायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करणार? ‘कमान’ मशिदीला आहे तशी देवळालाही आहे, घड्याळात आहे, आणि द्वारकेजवळच्या गॅरेजात ट्रकखाली ‘कमानपाटा’ बदलत असतात, तिथेही आहे. तीर टाकणारा तो तिरंदाज, तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. तोफा गेल्या, गोलंदाज क्रिकेटमध्ये आला. त्याच्यासमोर फळी घेऊन कोणीतरी उभं राहायला हवं, म्हणून मराठीने स्वतःच्या अंगणात ‘फलंदाज’ घडवला, जो ना तेहरानला कळेल ना लखनौला.

५ ऑगस्ट २०२३ला बर्लिनमध्ये कंपाउंड प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे. ओजसने अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण मिळवले. कंपाउंड कमानीला कप्प्या असतात. पूर्ण ओढल्यावर भार बराचसा उतरतो. दोरी सोडायला हातात एक छोटं यंत्र धरतात. त्या यंत्रांच्या अनेक प्रकारांत दोरी सुटते ती अंगठ्याच्या दाबाने. भाच्याला मी या दोघांच्या अंतिम फेरीची चित्रफीत पाठवली आहे, त्यांचे खांदे आणि पाठ नीट बघ असं लिहून.